वाचकांचे प्रश्न : पाण्यात प्राणवायू कमी पडला की माशाच्या हृदयाचं काय होतं?

प्रश्न : आमच्या शेततळ्यात रोहू, कटला आणि मृगल आहेत. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, ऊन चढलं की खाली जातात. हे रोजचंच आहे. मग त्यांच्या हृदयाला कमी प्राणवायूची सवय होत असेल ना? ती पुढच्या पिढीत उतरेल का?
— शेतकरी, चिक्कोडी तालुका

उत्तर : सवय थोडीफार होते, पण पुढच्या पिढीत उतरत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच तळ्याबाबतचे निर्णय बरोबर होतील.

आधी हृदयाची रचना पाहू. माशाचं रक्त एकाच फेरीत फिरतं: हृदयातून कल्ल्यांत, कल्ल्यांतून अंगभर, आणि मग परत हृदयात. म्हणजे प्राणवायू घेतलेलं रक्त आधी मेंदू, स्नायू, आतडी यांना मिळतं आणि उरलंसुरलं हृदयाकडे येतं. घटप्रभेच्या कालव्यावर टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची जी गत, तीच माशाच्या हृदयाची. हृदयाचा आतला स्नायू स्पंजासारखा असतो आणि पोकळीतून जाणाऱ्या या वापरलेल्या रक्तातूनच तो प्राणवायू घेतो. ट्राउट, सालमन अशा काही माशांत बाहेरून एक घट्ट थर असतो आणि त्याला कल्ल्यांकडून थेट ताजं रक्त आणणारी वेगळी धमनी असते. पण आतल्या थराची अडचण त्यांनाही चुकत नाही.

पाण्यातला प्राणवायू घटला की बहुतेक माशांचं हृदय वेगानं न धडधडता मंदावतं. मेंदूकडून हृदयाकडे जाणारा व्हेगस मज्जातंतू ठोके कमी करतो आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकललं जातं. रक्त हृदयात जरा जास्त वेळ थांबतं, त्यामुळे स्पंजी थराला प्राणवायू ओढून घ्यायला सवड मिळते. ही मिनिटांची गोष्ट झाली, यात जनुकांचा संबंध नाही.

तास-दिवस गेले की जनुकं कामाला लागतात. पेशीत हिफ-१ अल्फा नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं आणि सतत मोडलंही जात असतं. पीएचडी नावाचं विकर (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) प्राणवायू वापरून त्यावर खूण करतं, व्हीएचएल हे प्रथिन ती खूण ओळखतं आणि पेशी हिफचा निकाल लावते. प्राणवायू नसला की खूणच होत नाही. हिफ साठतं, केंद्रकात जातं, जोडीदार प्रथिनाला धरून डीएनएवर ‘सीजीटीजी’ अक्षरांच्या ठरावीक जागांवर बसतं आणि तिथली जनुकं चालू करतं: ग्लुकोज पेशीत आणणारी, प्राणवायूविना ग्लुकोज फोडणारी, नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावणारी, तांबड्या पेशी वाढवणारी. या यंत्रणेच्या शोधासाठी २०१९ चं नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळालं. ती माणसात आहे, तशीच माशातही.

तुमचा रोहू एवढंच करू शकतो, आणि त्याला मर्यादा आहे. प्राणवायूविना एका ग्लुकोजच्या रेणूतून पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचे फक्त २ रेणू मिळतात, प्राणवायू असताना सुमारे ३०. वर लॅक्टिक आम्ल साठतं आणि हृदयाच्या स्नायूचं आकुंचन दुबळं होतं. म्हणून तोंड वर काढणारा मासा सरावलेला समजू नका, तो हद्दीवर उभा आहे.

आता पिढीचं. वंशात बदल टिकायचा तर तगलेल्या माशांनीच पुढची पिल्लं द्यायला हवीत. तुमच्या तळ्यातले तगलेले मासे बाजारात जातात. रोहू-कटला साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत आणि बीज दर वर्षी हॅचरीतून येतं. मग तगण्याचा गुण पुढे जाणार कसा?

तेव्हा पाणीच सुधारायला हवं. ३० अंशांना समुद्रसपाटीवर लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. बेळगाव शहर सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, तिथे हाच आकडा ७ च्या किंचित खाली येतो. नदीकाठच्या गावांत थोडा जास्त. सूर्योदयाच्या जरा आधी डीओ मीटरनं (पाण्यात विरघळलेला प्राणवायू, म्हणजे डीओ, मोजणाऱ्या यंत्रानं) तळाशी आणि वर असं दोन्ही ठिकाणी मोजा. ५ च्या वर असेल तर उत्तम, ३ खाली गेला तर धोका. सेकी डिस्क (पाणी किती नितळ आहे ते पाहायला दोरीनं खाली सोडायची चकती) ३० ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी व्हावी. २० च्या आतच दिसेनाशी होत असेल तर शेवाळ फार झालं आहे आणि रात्री तेच प्राणवायू खातं. अशा वेळी शेणखत आणि प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) पूर्ण बंद. खाद्य संध्याकाळी देऊ नका, कारण पचनालाही प्राणवायू लागतो. सकाळी डीओ चढल्यावर द्या, आणि मासे वर आले असतील त्या दिवशी देऊच नका. पाण्यात हवा मिसळणारा एरेटर असेल तर मध्यरात्रीनंतर सूर्योदयापर्यंत चालवा. नसेल तर पंपानं तळ्याचंच पाणी भोकं पाडलेल्या पाइपातून उंचावरून पाडा. बोअरचं पाणी थेट सोडू नका, कारण जमिनीखालच्या पाण्यात बहुधा प्राणवायू फारच कमी असतो. तेही उंचावरून शिंपडूनच आत घ्या.

प्रश्न : प्राणवायूशिवाय महिनोन्‌महिने जगणारा कार्प असतो असं वाचलं. मग आपला सायप्रिनस (कॉमन कार्प) तसा का नाही?
— वाचक, निपाणी

उत्तर : तुम्ही वाचलेला मासा क्रुशियन कार्प. तो युरोपातल्या बर्फाखालच्या तळ्यांत राहतो. ८ अंशांच्या पाण्यात ५ दिवस प्राणवायू मुळीच नसतानाही त्याच्या हृदयाचं काम टिकून राहिल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. कारण जनुकांत सापडतं. त्याच्या पूर्वजांत काही दशलक्ष वर्षांपूर्वी अख्खा जनुकसंच दुप्पट झाला. पायरुव्हेट (ग्लुकोज फुटून बनणारा पदार्थ) हाताळणाऱ्या विकराच्या जनुकांची एक प्रत जुनंच काम करत राहिली, दुसरी बदलत जाऊन पायरुव्हेटपासून इथेनॉलकडे नेणारी झाली. म्हणून त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठत नाही. इथेनॉल बनतं आणि कल्ल्यांतून पाण्यात निघून जातं. इंधन म्हणून यकृतात ग्लायकोजेनचा (साठवलेल्या ग्लुकोजचा) प्रचंड साठा असतो. गोल्डफिशमध्येही हीच युक्ती आहे, सायप्रिनसमध्ये नाही. शिवाय हे सगळं थंड पाण्यात. आपल्या उन्हाळ्यातल्या पाण्यात शरीराचा खर्चच कितीतरी जास्त.

प्रश्न : मी प्राणिशास्त्राची एम.एस्सी. करते. झेब्राफिशला कमी प्राणवायूत ठेवून हृदयातला हिफ-१ अल्फाचा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून निघणारी संदेशप्रत) क्यूपीसीआर या तंत्रानं मोजला. फरक आलाच नाही. चूक कुठे?
— विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : बहुधा मोजमापात नाही, निवडीत. हिफचं नियंत्रण मुख्यतः प्रथिनाच्या पातळीवर होतं, म्हणून त्याचा एमआरएनए स्थिर दिसू शकतो. हिफ जी जनुकं चालू करतं ती मोजा: पीएचडी-३, आयजीएफबीपी-१, एलडीएच-ए. प्रथिनच मोजायचं असेल तर घाई करा, कारण प्राणवायू मिळताच ते काही मिनिटांत मोडतं.

दुसरं, तुलनेसाठी स्थिर जनुक म्हणून जीएपीडीएच घेतलं असेल तर सोडा. ते ग्लुकोज फोडणाऱ्या साखळीतलंच जनुक आहे आणि कमी प्राणवायूत स्वतःच वाढतं, म्हणून खरी वाढ झाकली जाते. ईएफ-१ अल्फा, आरपीएल-१३ए अशी दोन-तीन जनुकं घेऊन ती तुमच्या नमुन्यांत स्थिर आहेत का ते आधी तपासा.

तिसरं फार जणांच्या लक्षात येत नाही. माशांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं आणि त्यांत आरएनए असतो. हृदयात रक्त राहिलं की तुम्ही निम्मं रक्तच मोजता. गार सलाइननं जवनिका (हृदयाचा रक्त ढकलणारा कप्पा) धुऊन घ्या आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाका. एका झेब्राफिशची जवनिका जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून अनेक हृदयं एकत्र करावी लागतात. भूल दिल्यावर श्वसन मंदावतं आणि नियंत्रण गटातही प्राणवायू घटतो, तेव्हा भुलीपासून गोठवण्यापर्यंतचा वेळ दोन्ही गटांत सारखा हवा. प्राणवायू घटवायला टाकीत नायट्रोजन सोडताना पाण्याचा पृष्ठभाग झाका, तापमान २८ अंशांवर धरा. प्राइमरही (ठरावीक जनुक पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) पाहा: कार्पच्या कुळात हिफ-अल्फाच्या जोडप्रती टिकून आहेत आणि एकच प्राइमर दोन्हींना चिकटू शकतो. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी लागते.

प्रश्न : मरळ आणि मागूर खराब पाण्यातही तगतात. तळ्यात तेच घालावेत का? आफ्रिकन मागूर झपाट्यानं वाढतो म्हणतात.
— वाचक, दूधगंगा काठ

उत्तर : आफ्रिकन मागूर पाळायला भारतात बंदी आहे. पुरात तळं फुटलं की तो नदीत जाऊन इथले मासे फस्त करतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. देशी मागूर चालेल. मरळचं वैशिष्ट्य असं की तो डोक्यातल्या खास पोकळीत हवा घेतो आणि तिथलं प्राणवायू घेतलेलं रक्त शिरांमधून हृदयाकडे येतं, म्हणून पाणी खराब असलं तरी त्याच्या हृदयाची उपासमार होत नाही. पण त्याला वर येऊन हवा घ्यावीच लागते. त्यामुळे पाण्यावर जलपर्णीचा जाड थर साचू देऊ नका आणि जाळीत त्याला फार वेळ पाण्याखाली अडकवून ठेवू नका. मरळ दुसरे मासे खातो, म्हणून रोहू-कटल्याच्या बोटुकलीसोबत सोडू नका. त्याच्यासाठी तळं वेगळंच ठेवा.