शकुंतलेच्या डोक्यावर विलो

प्रश्न : मुलीने लंडनहून मिले या इंग्रज चित्रकाराच्या ‘ऑफेलिया’चं छापील चित्र आणलं. ते समोर ठेवून मी जलरंगात शकुंतला केली, फोटो पाठवला आहे. भाचीला समोर बसवलं होतं. तरी घरचे म्हणतात, मडम झाली! सर, या प्री-राफेलाइट पद्धतीत आपल्या कथा बसतच नाहीत का? आणि त्यांचे रंग इतके झळझळीत कसे?
— एक वाचक, आचरे

उत्तर : ताई, मडम नाही झाली. चेहरा आपल्याकडचाच आहे, नाक तर फारच छान बसलंय. बिघडलंय ते तिच्या आजूबाजूला. कण्वाच्या आश्रमात विलो, पायाशी डेझी, फांदीवर रॉबिन! सगळं मिलेकडून उचललंत. मिलेने स्वतः मात्र दुसऱ्याच्या चित्रातलं झाड कधी उचललं नसतं.

1848 मध्ये मिले, हंट, रोझेटी वगैरे सात जणांनी लंडनला हा प्री-राफेलाइट कंपू जमवला, तेव्हा मिले होता 19 वर्षांचा. चित्रशाळेतली ठरीव तपकिरी झाडी नको, इटलीच्या राफेलच्या आधीच्या चित्रकारांसारखं ताज्या डोळ्यांनी बघू, हा त्यांचा हट्ट. विषय जुनेच : बायबल, शेक्सपियर, आर्थर राजाच्या कथा. ‘हॅम्लेट’मधली ओढ्यात बुडणारी ऑफेलिया रंगवायची म्हणून मिले 1851 च्या उन्हाळ्यात सरे परगण्यातल्या हॉग्समिल नदीकाठी जाऊन बसला, तो जवळजवळ पाच महिने. माश्या चावतात, शेतातलं गवत तुडवलं म्हणून नोटीस आली, असं रडगाणं त्याने पत्रात गायलंय. (आमच्या जळवा बघितल्या नव्हत्या त्याने.) आधी काठ रंगवला, बाई नंतर, लंडनच्या थंडीत. मॉडेल एलिझाबेथ सिडल भरल्या टबात पडून राहायची, खाली दिवे लावून पाणी कोमट ठेवलेलं. एकदा दिवे विझले, ती आजारी पडली आणि तिच्या वडिलांनी डॉक्टरच्या खर्चाचे 50 पौंड मागितले. तेव्हा भाचीला व्हाळात उतरवू नका.

आता आपल्या कथेचं. ‘शाकुंतला’चा सहावा अंक काढा. दुष्यंताने तिचं चित्र काढलंय, बघणारे थक्क झालेत, पण त्याच्या मते ते अपुरंच. काय राहिलंय ते तोच सांगतो : वाळूत हंसांची जोडी बसलेली मालिनी नदी, दोन्ही बाजूंना हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या नि त्यांवर बसलेली हरणं, फांद्यांवर वल्कलं टांगलेलं झाड, आणि त्याखाली काळविटाच्या शिंगावर डावा डोळा खाजवणारी हरिणी. डावा! मिलेला हा माणूस नक्की आवडला असता. शिवाय कानात शिरीषाचं फूल, केसर गालापर्यंत लोंबणारे.

तेवढं शिरीष शोधा. उन्हाळ्यात फुलतं. मी एकदा वर्गात नेलं होतं, मुलांनी पेन्सिली टोकदार करेपर्यंत मलूल झालं. म्हणून झाडाखालीच बसा. वेल हवी तर रानातली कुसर घ्या. आणि शिरीषापर्यंत थांबवत नसेल, तर शकुंतला तशीच ठेवून भाद्रपदात सड्यावर जा. कातळावर निळीजांभळी सीतेची आसवं पसरलेली असतात. ज्या फुलाच्या नावातच कथा आहे त्याच्याजवळ बसून सीता रंगवायची सोडून डेझी कसल्या काढताय? दोन ऋतूंची फुलं एका चित्रात आली तरी मी मार्क कापणार नाही. मिलेचीही आली आहेत, इतके महिने बसल्यामुळे.

रंगांचं थोडक्यात : कॅनव्हासवर आधी पांढरा थर, कधीकधी तो ओला असतानाच त्यावर पातळ, पारदर्शक रंग. खालचा पांढरा उजेड परत फेकतो. तुमच्याकडे तो पांढरा कागदातच आहे. काळ्याची ट्यूब मुलीला देऊन टाका आणि चिऱ्याच्या गडग्याची सावली दुपारी नीट बघा. ती काळी नसते.

प्रश्न : राजा रविवर्मा या इंग्रज मंडळींचे शिष्य होते का?
— एक विद्यार्थी, कुडाळ

उत्तर : नाही रे. ते जन्मले मात्र 1848 मध्येच, कंपू निघाला त्याच वर्षी. पण तैलरंग ते शिकले त्रावणकोरला, बरंचसं बघून बघून. नात्याचा धागाच हवा असेल तर मुंबईत सापडेल. जे. जे. कलाशाळेत शिकवायला 1865 साली आलेले लॉकवुड किपलिंग आणि याच पंथातला चित्रकार बर्न-जोन्स हे साडू. किपलिंगांनी केलेली उठावशिल्पं क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर आहेत. मुंबईला गेलास की मान वर करून बघ, एक हात खिशावर ठेवून.