दिओर यांच्या १९४७च्या पहिल्या कलेक्शनमध्ये एवढं काय विशेष होतं?

तुम्ही विचारलंय की फोटोत तर पांढरट जाकीट, काळा स्कर्ट आणि हॅट एवढंच दिसतं, मग लोक त्यावर अजून का बोलतात. मी शिवणकाम शिकवते, त्यामुळे माझं उत्तर कपड्याच्या उलट्या बाजूने येणार.

तुम्ही म्हणताय तो सूट म्हणजे 'बार'. फ्रेंच फॅशन डिझायनर ख्रिश्चन दिओर यांनी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसला, ३० अव्हेन्यू मोंतेन इथे, स्वतःच्या नावाचं पहिलं कलेक्शन दाखवलं, त्यातला. (सीन नदीच्या काठावरचा जो फोटो सगळीकडे फिरतो, तो विली मेवाल्ड यांनी पुढे पन्नासच्या दशकात काढलेला आहे. शोच्या दिवशीचा नाही.)

त्या जाकिटाची कंबर आवळलेली आहे आणि तिच्याखाली कापड कमानीसारखं बाहेर येतं. बघणाऱ्याला वाटतं, कापडच कडक असणार. मलाही तसंच वाटायचं. मग एकदा मी तो कट मांजरपाटावर काढून पाहिला. टक बरोबर पडले, कंबरेचं फिटिंग अचूक बसलं, आणि अंगावर चढवलं तर कंबरेखालचा सगळा भाग गळून खाली लोंबला. तेव्हा कळलं की तो आकार कटिंगमध्ये अर्धाच आहे. उरलेला अर्धा अस्तराच्या आत, नितंबांवर बसवलेल्या पॅडिंगमध्ये आहे. मी कापसाचे पातळ थर एकावर एक रचले, कडेकडे पातळ करत नेले, कच्च्या टाक्यांनी धरले. थर कुठे संपला ते वरून हात फिरवला तरी कळता कामा नये, नाहीतर गादी शिवल्यासारखं दिसतं. चौथ्या खेपेला ती कमान उभी राहिली. दिओर यांनी या कलेक्शनमधल्या जवळजवळ सगळ्या कपड्यांना पर्केल (घट्ट विणीचं सुती कापड) किंवा तॅफेटाचं (कडक, चकचकीत रेशमी कापड) अस्तर लावून घेतलं होतं. ही जुनी पद्धत तोवर मागे पडली होती, तीच त्यांनी परत आणली. त्यांच्या टेलरिंगच्या कार्यशाळेत तेव्हा पुढे स्वतः नामांकित डिझायनर झालेले पिएर कार्दँ काम करत होते, वय वर्षं २४.

माझ्या मते 'बार'पेक्षाही बघण्यासारखा आहे तो 'शेरी' नावाचा ड्रेस. त्याचा स्कर्ट कापडाच्या लांबीत न कापता पन्ह्यात घेतलाय. म्हणजे या किनारीपासून त्या किनारीपर्यंतचा अख्खा पन्हा हीच स्कर्टची उंची, आणि लांबी सगळी घेरात गेलेली. आता एवढं कापड इवल्याशा कंबरेत कसं बसवायचं? चुण्या घालून, दाबून, दुमडून आत घ्यायचं. ती दुमडलेली जाड गड्डी नितंबांवर येते आणि तिथेच आपोआप गोलाई तयार होते. या ड्रेसला वेगळी गादी नको, कापडच कापडाला उचलून धरतं. मला हे फार सुंदर वाटतं.

बाकी कलेक्शन ९०च्या आसपास पोशाखांचं होतं. त्यात दोन मुख्य रेषा, म्हणजे पोशाखाचे एकूण आकार: एक 'कोरोल', म्हणजे फुलाच्या पाकळ्यांचा घेर, कंबरेपासून उमललेल्या स्कर्टची, दुसरी 'आठ', इंग्रजी आकड्यासारखी, वर-खाली गोल आणि मध्ये बारीक. बिबट्याच्या ठिपक्यांचं छापील कापडही होतं, पण त्यात मी शिरत नाही.

शो म्हणजे आजच्यासारखा लांबलचक रॅम्प नव्हता. घरातल्या दालनांत खुर्च्या मांडलेल्या, जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसलेली, आणि मधल्या अरुंद वाटेतून मॉडेल गिरक्या घेत जायच्या. 'व्होग' या फॅशन मासिकाच्या बेटिना बॅलार्ड यांनी लिहून ठेवलंय की स्कर्टच्या घेराचा फटका बसून ॲशट्रे उलटत होते. 'हार्पर्स बझार' या दुसऱ्या फॅशन मासिकाच्या संपादक कार्मेल स्नो यांच्या तोंडून 'न्यू लुक' हे शब्द निघाले आणि कलेक्शनला तेच नाव चिकटलं.

पण तो घेर त्या काळात किती झोंबला असेल, हेही लक्षात घ्या. युद्ध संपून दोन वर्षंही झाली नव्हती. ब्रिटनमध्ये कपडे कूपनवर मिळत होते आणि ते १९४९पर्यंत चाललं. दिओर यांना भांडवल दिलं मार्सेल बुसाक यांनी, ते कापड गिरण्यांचे मोठे मालक. जास्त कापड लागणारी फॅशन त्यांना नको कशाला असेल? त्याच वर्षी पॅरिसच्या र्यू लेपिक या रस्त्यावर फोटो काढायला गेलेल्या मॉडेलच्या अंगावरचा ड्रेस तिथल्या बायकांनी ओढून फाडला. त्या बायकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मुलांच्या कपड्यांना ठिगळं लावणाऱ्या बाईसमोरून एवढं कापड मिरवत गेलं तर तिचं रक्त उसळणारच. शिवणकाम म्हणून मला हे कलेक्शन थोर वाटतं आणि तो रागही मला खरा वाटतो.

'बार' लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आहे, 'शेरी' न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे. दोघांच्या साइटवर फोटो मोठा करता येतो. 'बार' बघताना कंबरेकडे नजर जाईलच, पण जाकिटाची खालची कड बघा. ती स्कर्टवर पडलेली नाही, त्याच्यापासून थोडी सुटून उभी आहे.