बंधाऱ्याचे कागद गोपनीय कसे?

प्रश्न : काका, नमस्कार. आमची वाडी अगदी किनाऱ्याला आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत उधाणाने सुरूचं अर्धं बन नेलं, आता पाणी घराच्या जोत्याला लागतं. धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर झाला, दगड आले, थोडं काम झालं आणि सहा महिने बंद पडलंय. अंदाजपत्रक आणि बिलं बघायला कार्यालयात गेले तर तिथले म्हणाले, "ते गोपनीय असतं. जे द्यायचं ते वेबसाइटवर आहे." वेबसाइटवर भूमिपूजनाचे फोटो आहेत, बाकी काही नाही. वर "तुम्हाला कशाला हवंय?" असंही विचारलं. घरचे म्हणतात, नसत्या भानगडीत पडू नको.
(एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : ताई, जोतं तुमचं, बंधाऱ्याचा पैसाही लोकांचा. मग विचारण्यात भानगड कसली?

मी ३१ वर्षं महसुलात कारकुनी केली, त्यातली ९ अभिलेख कक्षात. 'गोपनीय' हा शब्द तिथे किती सहज तोंडात येतो ते मी आतून पाहिलंय. एकदा ऐन आषाढात एक आजी गोठा पडल्याच्या पंचनाम्याची नक्कल मागायला आली. लुगडं भिजलेलं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. तिचा कागद सगळ्यात वरच्या फळीवर, लाल रुमालात बांधलेल्या गठ्ठ्यात होता. शिडी लावा, गाठ सोडा, बुरशी झटका, मग शोधा. मी म्हणालो, "आजी, तो कागद बाहेर देता येत नाही." ती मुकाट्याने निघून गेली. त्या पंचनाम्यात लपवण्यासारखं एक अक्षर नव्हतं. तुमचं पत्र वाचताना मला ती पिशवी आठवली, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ६(२) आहे. माहिती कशाला हवी, हे अर्जदाराला सांगावं लागत नाही. आणि नकार द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो : कोणत्या कलमाखाली, का, आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत. टेबलापलीकडून तोंडी आलेल्या 'गोपनीय'ला कायद्यात काही किंमत नाही.

तेव्हा त्याच कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाही, फक्त दाखला जोडायचा. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. राज्याच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइनही करता येतो. त्या यादीत तुमचं कार्यालय सापडलं नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. "काम का थांबलं?" असा प्रश्न अर्जात लिहू नका, त्यावर "माहिती अभिलेखात नाही" असं उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन मागा : मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश (वर्क ऑर्डर), आजवर अदा केलेली बिलं, मुदतवाढीचा पत्रव्यवहार आणि मोजमाप पुस्तिका.

ही मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात, ती सोडू नका. जाड पुठ्ठ्याची वही, पानांना क्रमांक घातलेले. कामाची लांबी, रुंदी, उंची, त्यातून आलेला आकडा आणि खाली सही-तारीख. बिल याच वहीवरून निघतं. आणि कलम २(ञ) बघा : नुसते कागदच नाही, चालू कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचाही तुम्हाला हक्क आहे. एमबीची नक्कल हातात आली की ओहोटीच्या वेळी टेप घेऊन वाडीतली चार माणसं किनाऱ्यावर जा. वहीत १२० मीटर आणि वाळूवर ७० भरले, तर पुढचं बोलायला तुम्हाला कुणाची गरज लागणार नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. मग ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. दुसरं अपील ९० दिवसांत, राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. खोटं कशाला सांगू, तिथे तारीख लागायला फार वेळ जातो. म्हणून अर्जाच्या जोडीला अवलोकन मागा. जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत, असा शासनाचा २०१८ चा आदेश आहे.

राहिली वेबसाइट. कलम ४ मध्ये १७ बाबी आहेत, ज्या प्रत्येक कार्यालयाने कुणी न मागता, कायदा झाल्यापासून १२० दिवसांत जाहीर करायच्या होत्या. म्हणजे २००५ सालीच! अंदाजपत्रक, खर्च, निर्णय कसे घेतले जातात, सगळं त्यात येतं. ही माहिती इंटरनेटवरही टाकत राहावी, म्हणजे लोकांना अर्ज करायची वेळच कमी येईल, असं कायदाच म्हणतो. कलम ४ पाळलं जातंय का यावर माहिती आयोगांनी लक्ष ठेवावं, असं सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं. फोटो टाकायला जागा आहे, तर कार्यादेशाचं एक पान टाकायलाही आहे.

प्रश्न : सगळंच नेटवर उघडं करा म्हणता. १९९३ साली आमच्याकडे शेखाडीला स्फोटकं उतरली. २००८ ला मुंबईचे हल्लेखोर समुद्रातूनच आले. किनारपट्टीवर थोडी गुप्तता नको का?
(एक निवृत्त वाचक, श्रीवर्धन तालुका)

उत्तर : हवीच. गस्तीची नौका किती वाजता कुठल्या खाडीत असते, हे कुणालाही कळता कामा नये. माहितीच्या कायद्यातलं देशाच्या सुरक्षेचं आणि हितसंबंधांचं कलम ८(१)(क) त्यासाठीच आहे. माझं भांडण आहे ते त्या कलमाच्या आडोशाला भलतेच कागद नेऊन ठेवण्याशी. नौकेच्या वेळा झाका. ती दुरुस्तीला किती महिने उभी आहे ते सांगा. एकाच कागदातला झाकायचा भाग वेगळा काढून बाकीचा द्यायची सोय कलम १० मध्ये आहे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आडवा आला तरी कलम २२ प्रमाणे माहितीचा कायदा वरचढ ठरतो.

पश्चिम घाटाबद्दलच्या गाडगीळ समितीचं उदाहरण घ्या. अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राकडे गेला. त्यात आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या खाणींचा, प्रकल्पांचा विचार होता, पण आपल्यालाच तो वाचता येईना. केरळातल्या एका नागरिकाने अर्ज केला, तेव्हा केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्राच्या हितसंबंधांचं हेच कलम पुढे केलं. एप्रिल २०१२ मध्ये माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी अहवाल उघड करायला सांगितलं, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं, आणि मे महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला. देशाचं काय बिघडलं? आपले मात्र आठ-नऊ महिने गेले. आणि आला तो इंग्रजीत. ज्यांच्या कातळावर आणि बागांवर निर्णय व्हायचा त्यांना मराठी हवं होतं.

प्रश्न : निसर्ग वादळाच्या मदतीची यादी मागितली तर "वैयक्तिक माहिती आहे" म्हणून नाकारली. आता नियम बदललाय का?
(एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : हो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहितीच्या कायद्याचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला घालणारी माहितीच त्यात नाकारता यायची. आता 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलंय. हा बदल मला घातक वाटतो. पण कलम ८(२) शाबूत आहे : जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. शासकीय मदतीच्या योजनांचे लाभार्थी जाहीर करणं कलम ४ मध्येही आहे. अर्जात ही दोन्ही कलमं लिहा आणि आधार व खाते क्रमांक झाकून यादी द्यावी, असं आपणहूनच लिहून टाका.