मुलगी म्हणाली ‘कोणाला सांगू नका’, संस्था म्हणते ‘आधी आपसांत बघू’. मी काय करू?

तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवारी एका संस्थेच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात शिकवता, आणि दहा वर्षांच्या मुलीने मुलांना ने-आण करणाऱ्या दादाबद्दल तुम्हाला नको ते सांगितलं. थांबू नका. आजच 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.

आपसांत बघायची मुभा संस्थेला नाहीच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी धास्ती वाटली, तरी कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. खरं-खोटं ठरवणं, पुरावे जमवणं तुमचं काम नाही. त्या दादाला जाब विचारायलाही जाऊ नका, तो फक्त सावध होईल. तो मुलांजवळ येणार नाही एवढं मात्र आजच संस्थेकडून करून घ्या.

आता ‘कोणाला सांगू नका’चं. मी बारा वर्षं असे वर्ग चालवते. सुरुवातीच्या काळात एक मुलगा पेन्सिलीला टोक काढता काढता, माझ्याकडे न बघता, घरातलं काहीतरी बोलून गेला. मी चटकन म्हणाले, ‘नाही सांगणार, शप्पथ.’ दोन दिवसांत मला ती शप्पथ मोडावी लागली. मोडली ते योग्यच होतं, पण तो कितीतरी आठवडे माझ्याशी बोलला नाही. त्याचं चुकलं नव्हतं, शप्पथ घेण्यात माझं चुकलं होतं. तेव्हापासून मी मुलांना म्हणते, ‘तू सांगशील ते मी नीट ऐकेन. पण तुला सांभाळायला एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागलं, तर कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.’ तुम्ही वचन देऊन बसला असाल तरी तिला तसं सांगा, आणि तिची काहीही चूक नाही हेही सांगा.

तिला पुन्हा पुन्हा विचारू नका. संस्थेत मॅडम विचारतात, मग सर विचारतात, मग विश्वस्त येतात. एका दुपारी चार जणांसमोर तेच सांगणारी मुलगी मी पाहिली आहे, चौथ्या वेळी ती फक्त मान हलवत होती. ती जे बोलली ते आजच तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. ती ‘तो मला दाबतो’ म्हणाली असेल तर तेच लिहा, ‘लैंगिक छळ’ नको.

आई घाबरेल. पोलीस घरी येणार, वस्तीत बोभाटा होणार, पोरीची शाळा सुटणार, हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे येतं. तिला सांगा की मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. पोलिसांना 24 तासांत बाल कल्याण समितीला, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचं बघणाऱ्या सरकारी समितीला, कळवावं लागतं. मुलीची ओळख उघड करणं गुन्हा आहे, त्यामुळे स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अक्षरही नको.

संस्थेशी बाकीचं बोलणं यानंतर. 2020 च्या पॉक्सो नियमांत मुलांच्या संपर्कातल्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि प्रशिक्षण सांगितलंय, ते झालंय का विचारा. पण पडताळणीच्या कागदावरून एवढंच कळतं की आजवर नोंद नाही. म्हणून एका मुलाबरोबर एकटं मोठं माणूस नको, दार उघडं हवं, रिक्षात दोन मोठी माणसं हवीत. हा नियम सगळ्यांना, वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्या देणगीदारांनाही. ‘ते किती वर्षांपासून येतात’ हे कारण मी सर्वांत जास्त ऐकलंय, आणि तिथेच सगळे गाफील राहतात.

शनिवारी वर्गाला नक्की जा. आपण बोललो म्हणून शिकवणारं माणूस यायचं बंद झालं, असं तिला वाटता कामा नये.