आधी त्याचं वाया गेलेलं काम बघ

प्रिय मुली,

मंगळवारी तू दुकानात आलीस तेव्हा ट्रॉफ्यांचं गिऱ्हाईक समोर उभं होतं, म्हणून तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तू गेल्यावर मात्र दिवसभर तुझी ती पाटी डोळ्यांसमोरून हलेना. पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा कोरा करकरीत, आणि खाली ठेवलेल्या लाकडी पाटावर अर्धवट जळालेलं ‘स्वागतम्’. तुला वाटलं, नवं लेसर मशीन बिघडलेलं आलं. आईची आरडी मोडून घेतलेलं मशीन, त्यामुळे तुझा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिलं.

मशीन ठीक आहे. तुझ्या मशीनमधल्या डायोडचा, म्हणजे लेसर काढणाऱ्या छोट्या भागाचा, किरण निळा आहे आणि खिडकीच्या काचेतून ऊन आत यावं तसा तो पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार जातो. ॲक्रिलिकनं त्याला अडवलंच नाही, पाटानं अडवलं, म्हणून पाट जळला. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. तू फोनमध्ये पाच जणांच्या सेटिंगचे, म्हणजे स्पीड-पॉवरच्या आकड्यांचे, स्क्रीनशॉट दाखवलेस. पाच जणांनी पाच आकडे दिले आणि त्यातल्या एकानंही विचारलं नाही, की बाई, तुझं मशीन कोणतं आणि ॲक्रिलिक कसलं?

जाता जाता तू विचारलंस, ‘काका, मग विश्वास ठेवायचा तरी कोणावर?’ तेव्हा मी नुसतं ‘बघू’ म्हणालो. आता सांगतो. ज्याला शिकव म्हणणार असशील त्याला आधी म्हण, तुमचं वाया गेलेलं काम दाखवा. त्यानं दाखवलं तर बस त्याच्यापुढे. नाही दाखवलं, ‘आमचं काही बिघडत नाही’ म्हणाला, तर चपला घाल आणि घरी ये.

हे मला शिकवलं ते लेसरचं नावही न ऐकलेल्या माणसानं. मी शाळेत असताना भांडीबाजारात एका दुकानाच्या पायरीवर नाव घालणारे एक बाबा बसायचे. पितळी डबा मांडीत, डाव्या हातात बारीक छिन्नी, उजव्या हातात छोटी हातोडी. ठिपक्याला ठिपका लावत नाव पुढे सरकायचं. लग्नाची भांडी घेतली की लोक तिथेच रांगेत उभे राहायचे. त्यांच्या मांडीखाली एक जुनं तांब्याचं झाकण असायचं, पातेलं कधीच मोडीत गेलेलं. छिन्नीला धार लावली की पहिली अक्षरं त्या झाकणावर. झाकणावर बोट टेकवायला जागा उरली नव्हती. काठाला ‘कृष्णा’ सात वेळा घातलेलं होतं. सहा वेळा ‘ष्ण’ फुटलेला, सातव्यांदा उतरलेला. मी विचारलं, तुम्हाला एवढं कसं जमतं? त्यांनी ते झाकण माझ्या हातात दिलं. ‘हे बघ आधी,’ म्हणाले. बाकी एक शब्द नाही.

आणि मी ते विसरलो. २००८ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून पहिलं कार्बन डायऑक्साइडचं लेसर मशीन घेतलं तेव्हा विकणाऱ्याच्या काचेच्या कपाटात नुसते चकचकीत नमुने होते. एकही वाईट तुकडा नाही. मला ती त्याची हुशारी वाटली. मी विचारलं, रेक्झिन चालेल? तो म्हणाला, सगळं चालतं.

तीनशे डायऱ्यांच्या कव्हरांची ऑर्डर होती. जुलै महिना, बाहेर पाऊस, दुकानाचं शटर अर्धं खाली. मी आणि पेठकडचा एक मुलगा, माझा मदतनीस. पहिल्या दिवशी घसा खवखवला. दुसऱ्या दिवशी तो खोकायला लागला. मी त्याला म्हणालो, ‘पंख्यापाशी उभा राहा.’ एवढंच म्हणालो. पाचव्या दिवशी सकाळी मशीनचं झाकण उघडलं, तर सरकत्या पट्ट्यांवर तपकिरी गंज आणि लेन्सवर साय धरल्यासारखा पांढुरका थर. रेक्झिनवर पीव्हीसी या प्लास्टिकचा थर असतो. पीव्हीसीत क्लोरीन. ते जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आणि ओल्या हवेत त्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड होतं. त्यानं चार दिवसांत लोखंड खाल्लं. आमच्या छातीत काय केलं असेल? तो मुलगा महिनाअखेरीस पगार घेऊन गावी गेला आणि परत आला नाही. मी चौकशीही केली नाही. कर्जाचा हप्ता, मशीनची दुरुस्ती, यात राहून गेलं, असं मी स्वतःला सांगत आलो. राहून जात नसतं, मुली. आपण राहू देतो.

त्या कपाटात गंजलेल्या पट्टीचा एक तुकडा जरी ठेवलेला असता, तर मी विचारलं असतं, हे कशानं झालं? म्हणून परत सांगतो, वाया गेलेलं काम दाखवा म्हण. लाजू नकोस.

आता तुझे ते आकडे. या कामात दोन तऱ्हेचं ज्ञान असतं आणि बहुतेक शिकवणारे दोन्हींची खिचडी करतात. एक सगळ्यांना सारखं. कार्बन डायऑक्साइडचा लेसर १९६४ साली अमेरिकेत बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजात. मला हे कळायला मशीन घेऊन सहा वर्षं जावी लागली, कारण मला कोणी सांगितलं नाही आणि मी शोधलं नाही. त्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, ॲक्रिलिक, काच त्याला गिळतात, घासलेलं तांबं-पितळ परतवून लावतं. तुझा निळा किरण साधारण ४५० नॅनोमीटरचा. भांड्यांवर नाव घालायचं तर १०६४ नॅनोमीटरचं फायबर लेसर मशीन लागतं. हे नाशकात तेच आणि जपानात तेच. पुस्तकात बघ, चार ठिकाणी पडताळ, पाठ कर. पीव्हीसीचा धूर विषारी आहे हेही याच खात्यातलं.

दुसरं ज्ञान फक्त तुझ्या मशीनचं. किती स्पीड, किती पॉवर. लेन्सवर धूर बसला की ते बदलतं. फोकस दोन मिलिमीटर हलला की बदलतं. एमडीएफचा, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा, नवा लॉट आला की बदलतं, आणि पावसाळ्यात तोच एमडीएफ दमट झाला की पुन्हा बदलतं. असला आकडा दुसऱ्याकडून मागून आणता येत नाही. तो फक्त तुझ्या तुकड्यावरून मिळतो. ते स्क्रीनशॉट पुसून टाक. आज रात्रीच पुसून टाक.

तीन मिलिमीटरच्या एमडीएफवर दहा-दहा मिलिमीटरचे चौकोन घाल. आडव्या ओळीत पॉवर वाढवत ने, उभ्या ओळीत स्पीड. कुठला चौकोन फिका, कुठला चॉकलेटी, कुठल्याची कड जळाली ते बोटानं चाचपून बघ. मग मागच्या बाजूला पेननं लिही. माल कोणाकडचा, तारीख काय, लेन्स पुसली होती की नाही. फोकसबद्दल शंका असेल तर फळी एका बाजूनं उचलून उतरती ठेव आणि तिच्यावर एक लांब रेघ मार. रेघ जिथे सर्वांत बारीक, तिथली उंची खरी. यातला एकही तुकडा फेकायचा नाही, बिघडलेला तर मुळीच नाही.

तुकड्यांना पैसे लागत नाहीत म्हणून सांगतो, अंबड-सातपूरच्या साइनबोर्डवाल्यांकडे कात्रण माग. पण त्या ढिगात ॲक्रिलिकबरोबर सनबोर्ड आणि फोमशीटही मिसळलेली असते, आणि त्यात पीव्हीसी निघतं. ओळखू आलं नाही तर जाड तांब्याची तार पकडीत धरून लाल तापव, प्लास्टिकला टेकव, परत ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, तो तुकडा मशीनजवळही न्यायचा नाही. हे गच्चीवर कर, कणभर प्लास्टिक घेऊन, वाऱ्याच्या बाजूला तोंड न करता. आईच्या गॅसवर करू नकोस.

तुझ्या मशीनच्या खोक्यावर ४० वॉट छापलंय. तू अभिमानानं दाखवलंस, तेव्हा मी काही बोललो नाही. असल्या खोक्यांवर बहुधा मशीन भिंतीतून ओढतं ती वीज छापतात. किरणातून निघणारा प्रकाश त्याच्या कितीतरी कमी, कधी पाच-साडेपाच वॉट. म्हणून ‘तुझं ४०, माझंही ४०’ असं म्हणून कोणी आकडा दिला तर तो तुला फसवत नसला तरी स्वतः फसलेला आहे. त्याला म्हण, दाखवा बिघडलेला तुकडा.

मराठी पाट्यांचं मात्र मला मनापासून आवडलं. त्या पाच जणांपैकी कोणी त्यावर बोलला नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी. आपली शिरोरेषेला लटकलेली. अख्खा शब्द एकसंध कापून निघतो, हे आपल्या लिपीचं मोठं सुख. पण संगणकात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि एक दुसरीवर चढलेली असते. आकृतीत रूपांतर केल्यावर ती सगळी वेल्ड करून एक केली नाहीस, तर मशीन प्रत्येक सांध्यावर आडवी काप मारतं आणि शब्द हातात तुकड्यांनी येतो. काना, वेलांटी, रफार, सगळे सांधे मोठे करून बघ. आणि अनुस्वार! तो कशालाच जोडलेला नसतो.

माझं वाया गेलेलं काम मी एका पेटीत ठेवतो, त्यात सोनेरी आरशाच्या ॲक्रिलिकची एक पाटी आहे. बंगल्याचं नाव ‘चिंतामणी’. कापताना टिंब सुटून जाळीतून खालच्या ट्रेमध्ये पडलं, माझ्या लक्षात आलं नाही. मी बाकीची अक्षरं काळ्या पाटीवर चिकटवली, गुंडाळली, दिली. वास्तुशांतीच्या सकाळी त्या घरच्या आजींनी कागद सोडला आणि मोठ्यानं वाचलं, ‘चितामणी’. पुढे सांगत नाही. पैसे परत केले, नवी पाटी स्वतः जाऊन लावली, आणि जुनी मागून आणली. ती मी कोणालाही काढून दाखवतो. त्याच पेटीत मोठ्या मशीनची एक तडकलेली काचेची ट्यूबही आहे, लेसर तिच्यातच तयार होतो. ती थंड ठेवायला पाणी फिरवावं लागतं; डिस्टिल्ड वॉटरचा खर्च वाचवायला मी बोअरचं फिरवलं, क्षार धरले, ट्यूब तापली आणि गेली.

तुला कोणीतरी सांगेल की हा माणूस सेटिंगची वही कुलपात ठेवतो. खरं आहे. २०१४ मध्ये एक मुलगा आला होता, तुझ्याच वयाचा. आकडे मागितले, मी दिले नाहीत. तो बाहेर सांगत सुटला की मला धंदा वाटून घ्यायचा नाही. माझी बायकोही तेव्हा माझ्यावर चिडली होती. तेव्हा समोरच दुसरं दुकान उघडत होतं, हप्ते चालू होते, भीतीही वाटत होती, हे मी नाकारत नाही. पण आकडे न देण्यात माझी चूक नव्हती. माझ्या ट्यूबचे आकडे त्याच्या मशीनवर घालून त्याचा माल जळला असता आणि शिवी मलाच बसली असती. मी आजही देणार नाही. तुलाही नाही. हातात वही दिली की माणूस वहीच वाचतो, तुकडा वाचत नाही. माझी चूक झाली ती ही, की मी त्याला पेटी दाखवली नाही. पेटी दाखवायला काय लागत होतं? कुलूप वहीला होतं, पेटीला कधीच नव्हतं.

पंधरा हजारांच्या क्लासचं तू विचारलंस. फी जास्त की कमी ते मला सांगता येत नाही. पहिल्या दिवशी त्यांच्याकडे वाया गेलेलं काम माग. दाखवलं, आणि ते कशामुळे गेलं हे न चिडता सांगितलं, तर भर पैसे. मोठं मशीन घ्यायचं मनात आहे, तेही कळलं. आत्ता नाही. या मशीनवर तुझी पेटी भरल्याशिवाय नाही. मार्केटिंग, भाव, गिऱ्हाईक हे तुझं तुला येईल, त्यावर मी लिहीत बसत नाही.

एक मात्र थांबणारं नाही. तुझं मशीन उघडं आहे, गॅलरीत ठेवलंयस, आणि धाकटा भाऊ शेजारी बसून बघतो म्हणालीस. निळा किरण डोळ्याच्या आत पार पडद्यापर्यंत जातो. घासलेल्या तांब्यावरून उसळलेला सुद्धा. मशीनबरोबर फुकट आलेल्या चष्म्यावर तरंगलांबीचा आकडा आणि ओडी, म्हणजे चष्मा तो किरण किती अडवतो, ते छापलेलं आहे का, बघ. काहीच छापलेलं नसेल तर तो चष्मा नुसता रंगीत प्लास्टिक समज. आणि चालू मशीन सोडून चहा ठेवायलाही उठू नकोस. एमडीएफ पेट घेतं, मी घेताना पाहिलंय.

रविवारी दुकान बंद असतं. सकाळी दहाला मागच्या दारानं ये, भावालाही आण. पेटी टेबलावर काढून ठेवतो, झाकणापासून सुरुवात करू. हो, ते झाकण माझ्याकडे आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या मुलानं मोडीत घालायला काढलं होतं, मी वजनावर विकत घेतलं.

येताना तो पाट आण. जळालेलं ‘स्वागतम्’ पॉलिश पेपरनं घासायला काढलं असशील तर थांब. आणि चष्म्यावर काय छापलंय ते आज संध्याकाळीच फोन करून सांग. तोवर मशीनची वायर काढून ठेव.

तुझा,
शालिमारचा काका