पेट्रोलच्या टाकीला लोखंडी प्लेट लावावी का?

प्रश्न : अमेरिकेत पोलिसांच्या फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया गाड्यांना मागून धडक बसून टाक्या पेटायच्या, मग कंपनीने कवचं बसवून दिली, असं वाचलं. माझी टॅक्सी पेट्रोल-सीएनजी हॅचबॅक आहे, रोज पुण्यातल्या नवले पुलावरून जाते, तिथे मागून धडकेचे अपघात होतात. गॅरेजवाला टाकीमागे जाड लोखंडी प्लेट ठोकून देतो म्हणतो. लावू का? आपल्याकडे असं काम रिकॉलमध्ये (दोष असलेल्या गाड्या कंपनी परत बोलावून दुरुस्त करते तेव्हा) फुकट होतं का?
– एक वाचक, नऱ्हे

उत्तर : प्लेट लावू नका.

क्राउन व्हिक्टोरियात टाकी मागचा ॲक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) आणि डिकी यांच्या मधे होती. भरधाव गाडी मागून आदळली की टाकी पुढे सरकून ॲक्सलवर चेपायची आणि तिथले बोल्ट, ब्रॅकेटचे कोपरे तिला भोक पाडायचे. डिकीतलं सामानही मागून टाकीत घुसायचं. म्हणून 2001 मध्ये फोर्डने आधी टोकदार भागांवर उपाय सुचवला: षटकोनी डोक्याचा बोल्ट बदलून गोल डोक्याचा घाला, ब्रॅकेटचा कोपरा घासा. प्लॅस्टिकची कवचं 2002 मध्ये आली. तिथल्या वाहन सुरक्षा संस्थेने या आगींची चौकशी त्याच वर्षी रिकॉलचा आदेश न देता बंद केली. म्हणजे तो सक्तीचा रिकॉल नव्हता, कंपनीने स्वतःहून दिलेली सुधारणा होती.

बहुतेक हॅचबॅकमध्ये टाकी मागच्या सीटखाली, ॲक्सलच्या पुढे असते, त्यामुळे तो धोका इथे तसाच्या तसा नाही. उलट गॅरेजमधल्या प्लेटच्या कडा आणि बोल्ट म्हणजे नवी टोकंच. शिवाय टाकीजवळ वेल्डिंग केलं तर आतली वाफ पेट घेऊ शकते. टाकी रिकामी असली तरी वाफ असतेच, हे बरेच जण विसरतात.

त्यापेक्षा गाडी रॅम्पवर घ्या. टाकीचे पट्टे गंजले आहेत का, टाकी स्पीडब्रेकरला घासून चेपली आहे का, पाहा. पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी जोड आणि क्लिप हाताने तपासा. मागून धडक बसली की हा जोड सुटू शकतो. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर सिलिंडरच्या ब्रॅकेटचे बोल्ट डिकीच्या तळातून खाली उतरतात. त्यांची टोकं टाकीकडे किंवा नळीकडे रोखलेली नकोत. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची चाचणी) दर 3 वर्षांनी लागते. तारीख सिलिंडरच्या माहितीच्या पट्टीवर असते. डिकीत जॅक आणि पाना मोकळे सोडू नका, पट्ट्याने बांधा.

मागून धडक बसलीच तर इग्निशन लगेच बंद करा. चालू होते का बघू म्हणून पुन्हा किल्ली फिरवू नका, कारण इंजिन सुरू न होताही पंप नळीत पेट्रोल ढकलतो. सीएनजीचा हातव्हॉल्व्ह बंद करा, पण तो सहज हाताशी असेल तरच. पेट्रोलचा वास आला तर सगळ्यांना उतरवा आणि लांब उभे राहा. क्रेन आली की वासाचं आधी सांगा.

रिकॉलबद्दल: 1 एप्रिल 2021 पासून केंद्राचे नियम लागू आहेत. ते सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत आणि दुरुस्तीचा खर्च कंपनीने करायचा असतो. आरसी बुकावरचा चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका, नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे नक्की करा, कारण कंपनीचं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं. काम झालं की जॉबकार्डवर रिकॉलची नोंद करून घ्या.