आजीच्या मागे तिचा शिवणाचा जुना डबा माझ्याकडे आला आहे. त्यातल्या निम्म्या वस्तू ओळखू येत नाहीत. त्या घासूनपुसून वापराव्यात, नुसत्या जपाव्यात की कुणाला देऊन टाकाव्यात?

आधी एवढंच करा: आठवडाभर काहीही घासू नका. डबा उघडून आहे तसा फोटो काढा आणि मगच एकेक वस्तू बाहेर काढा. कोणती वस्तू कशात गुंडाळलेली होती, कशाच्या शेजारी होती, हे दोन दिवसांनी आठवत नाही. आणि वस्तूची ओळख बरेचदा तिथूनच पटते.

हे मी चूक करून शिकले. माझ्या मोठ्या आत्याचा डबा माझ्याकडे आला, त्यात कापड कापायची एक जड, लांब पात्यांची कात्री होती. कापड कापलं जायचं नाही, पात्यांमध्ये दुमडून अडकायचं. धार गेली असेल असं समजून मी ती धार लावून आणली. तरी तेच. काही महिन्यांनी सहज ती डाव्या हातात घेतली आणि कापड सरळ, सरसर कापलं गेलं. डावखुऱ्यांच्या कात्रीत डाव्या बाजूचं पातं वर असतं, नेहमीच्या कात्रीच्या बरोबर उलट. आत्या लिहायची उजव्या हाताने. ती शिवायची डाव्या हाताने, हे आमच्या घरात एकालाही माहीत नव्हतं. मग मी तिने हाताने हेम केलेले कपडे काढून पाहिले, तर टाके माझ्या टाक्यांच्या उलट दिशेला कललेले. इतकी वर्षं ते कपडे आम्ही घालत होतो! घाईने धार लावून घेतल्यामुळे त्या पात्याचा मूळ उतार थोडा बदलला, तो आता परत येणार नाही. ही हळहळ मला अजून आहे.

म्हणून वस्तूवरची झीज आधी बघा. बोटात घालायच्या टोपीवर, म्हणजे अंगुस्तानावर, खळगे एकाच बाजूला जास्त झिजलेले असतील तर सुई बोटाच्या टोकाने ढकलली जायची की कडेने, हे कळतं. मेणाच्या वडीवर बारीक खाचा दिसतील. हाताच्या शिलाईचा दोरा गुंतू नये म्हणून तो मेणावरून ओढून घेत, त्या खाचा त्याच्या. ती वडी कृपा करून वितळवू नका.

आता न ओळखू येणाऱ्या वस्तू. लाकडी अळंबीसारखं किंवा अंड्यासारखं काही असेल तर ते रफूसाठी आहे: मोज्याच्या आत घालून भोकाभोवतीचं कापड ताणून धरायचं. टाचण्या खोचायच्या लाल गादीला लटकणारी छोटी कापडी स्ट्रॉबेरी शोभेची वाटते, पण आत कुरुंदाची भुकटी भरलेली असते. तिच्यात सुई दोन-चार वेळा खुपसली की गंज निघतो आणि टोक लखलखीत होतं. दाते असलेलं चाक आणि दांडी म्हणजे कपड्याच्या कागदी बेतावरच्या रेघा कापडावर उमटवायचं साधन. लाकडाची एक पेटी चटईसारखी उलगडत सपाट होत असेल आणि आत खाच्याखाच्यांत लोखंडी तुकडे बसवलेले असतील, तर ती सिंगर मशीनच्या जोडांची पेटी असण्याची दाट शक्यता आहे. तिचं पेटंट १८८९ चं. चुण्या घालणं, दुमड घालणं, गोठ लावणं यासाठी प्रत्येक तुकडा वेगळा असतो. अशी पेटी निघाली तर एकही तुकडा हलवू नका, संच पूर्ण असण्यातच तिचं मोल आहे.

पांढरट सुईघर किंवा भोक पाडायचा दाभणासारखा तुकडा हाडाचा की हस्तिदंताचा, हे भिंगाखाली कळतं. हाडात बारीक काळपट ठिपके किंवा रेषा दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेषांची जाळी दिसते. हस्तिदंत निघालं तर विकायचा विचार करण्याआधी कायदा बघा, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९० पासून बंदी आहे.

तिसरी शक्यता सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या एका प्लास्टिकची, आणि याबाबत खरंच सावध राहा. जुन्या गुंडाळत्या टेपची डबी, सुईघर, बटणं यांत ते असतं. बोटाने जोरात घासून वास घ्या; कापरासारखा वास आला तर ते सेल्युलॉइड. गरम सुई टोचून परीक्षा करायला काही जण सांगतात, ते अजिबात करू नका, हा पदार्थ भसकन पेटतो. जुना झाला की तो आम्लाची वाफ सोडतो आणि शेजारच्या सुया, कात्र्या गंजवतो. त्याला वेगळं, हवेशीर आणि उन्हापासून दूर ठेवा.

वय काढायचं तर ठसे वाचा. ‘मेड इन’ असं देशाचं नाव ठोकलेलं असेल तर वस्तू बहुधा १८८७ नंतरची, कारण त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्यामुळे ही पद्धत पसरली. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० मधली. कात्रीवर ‘स्टेनलेस’ असेल तर १९१३ नंतरची. अंगुस्तानावर ‘डॉर्कस’ लिहिलेलं असेल तर ते चांदीच्या दोन थरांमध्ये पोलाद घातलेलं, १८८४ च्या पेटंटचं आहे. म्हणून त्यावर शुद्ध चांदीचा ठसा नसतो, आणि त्यामुळे ते खोटं ठरत नाही.

सुयांच्या पाकिटांवरचे नंबर हमखास गोंधळात टाकतात. हातसुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते, मशीनच्या सुईचा वाढला की जाड. मशीनची ९० नंबरची सुई म्हणजे ०.९० मिलिमीटर जाडीची. सुती दोऱ्याच्या रिळांवर पुन्हा उलट: ४० नंबरचा दोरा २० नंबरपेक्षा बारीक.

गंजलेल्या सुया टाकून द्या, त्या कापडात डाग पाडतात. कात्रीच्या पात्यावरचा हलका गंज मशीनचं तेल आणि अगदी बारीक स्टील वूलने निघतो, सॅंडपेपर नको. जुनी काळी मशीन असेल तर तिच्या सोनेरी नक्षीवर स्पिरिट लावू नका. नक्षीवरचा थर लाखेचा असतो आणि तो स्पिरिटमध्ये विरघळतो. चाक फिरत नसेल तर जोर करण्याआधी शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन बसते तो भाग, काढून आत अडकलेला दोरा बघा, बहुतेक वेळा तोच असतो. तेल फक्त शिलाई मशीनचं. खाण्याचं तेल सुकून चिकट होतं आणि मशीन जाम करतं.

जुना सुती दोरा दोन्ही हातांत धरून झटका द्या. सहज तुटला तर त्याने शिवू नका. पण रीळ टाकू नका, लाकडी रिळं आता कोण बनवतं! तो दोरा टाचे घालायला चालतो, कारण टाचे नंतर उसवायचेच असतात. आत्याच्या निळ्या रिळातला दोरा मी अजून टाच्यांना वापरते. कात्री मात्र माझ्याकडे नाही. भाची डावखुरी निघाली, तिच्याकडे दिली.